घराची वाटणी आणि जागेची पोटविभागणी

दुकानाची भागीदारी मोडावयाची झाली म्हणजे आपण व्यापारी लोक गोंधळून जात नाही. दिवाळीपर्यंतचा ताळेबंद काढावा, शिल्लक माल तोलावा, येणे-देणे वाटून घ्यावे आणि पाडव्यास ज्याने त्याने आपापल्या वहीचे पूजन करावे, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ते दुकान ज्या घरात असते त्या घराची वाटणी निघाली म्हणजे तीही याच हिशेबाने उरकता येईल असे आपण धरून चालतो. चार पंच बसतात, दोरी धरून जागा मोजतात, मुद्रांकावर सह्या होतात आणि मधोमध भिंत उभी राहते. बंधूंच्या हयातीत सहसा काही बिघडत नाही. बिघडते ते पुढील पिढीत. एकाचा मुलगा आपला भाग विकावयास अगर त्यावर बँकेचे कर्ज काढावयास जातो, आणि तेथे त्यास सांगण्यात येते की सरकारदप्तरी ही जागा अद्याप एकच आहे. तुमचा असा निराळा तुकडा मुळी अस्तित्वातच नाही.

याचे कारण एवढेच की आपण दोन निराळ्या गोष्टी एक समजतो. मालकीची वाटणी ही एक गोष्ट. जमिनीच्या तुकड्याची पोटविभागणी ही दुसरी. पहिली वारसांच्या संमतीने होते व वाटणीपत्राने सिद्ध होते. दुसरीस नियोजन प्राधिकरणाची मंजुरी लागते. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. राज्यपुनर्रचनेनंतर तो म्हैसूर राज्यात, म्हणजे १९७३ पासून ज्यास कर्नाटक म्हणतात त्या राज्यात आला. तेथील १९६१ चा नगर व ग्राम नियोजन कायदा आपणांस लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमात म्हटले आहे की ज्यास आपल्या जागेचे भाग पाडावयाचे असतील अगर तीत खाजगी रस्ता काढावयाचा असेल, त्याने नकाशा सादर करून मंजुरी घ्यावी. प्राधिकरण तो नकाशा जसाच्या तसा मंजूर करील, अटी घालून मंजूर करील, किंवा नाकारील. आपली वाटणी घरातली आहे, परक्यास काही विकलेले नाही, एवढ्यावरून नकाशा मंजूर झाला असे होत नाही.

बेळगाव शहरात हे काम नागरी विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे आपण ज्यास 'बुडा' म्हणतो त्याच्याकडे आहे. बांधकामाचा परवाना व खाते-उतारा महापालिकेकडे, आणि सिटी सर्व्हे नंबरचा उतारा भूमापन कार्यालयाकडे. तीन दप्तरे, तीन नोंदी. एका ठिकाणी झालेला बदल दुसऱ्या ठिकाणी आपोआप होत नाही. निपाणीत खाते-उतारा नगरसभेकडे असतो (तिला आपण अजून नगरपालिकाच म्हणतो). पोटविभागणीच्या नकाशास तेथेही नियोजन प्राधिकरणाचीच संमती पाहिजे. हद्दीबाहेरच्या गावठाणात ग्रामपंचायतीचे नमुना ९ व नमुना ११ हे उतारे चालतात. बेळगावच्या कॅंप भागाची गोष्ट आणखी वेगळी. तेथील पुष्कळ जागा जुन्या 'ओल्ड ग्रॅंट'च्या असून जमीन सरकारची आणि आपला केवळ भोगवटा आहे. त्यांच्यासाठी छावणी मंडळाच्या कायद्याचीच वाट धरावी लागते.

येथे सीमाभागातील आपल्या लोकांस एक इशारा देणे अगत्याचे वाटते. आपले सोयरेधायरे कागल, इचलकरंजी, कोल्हापूर येथे आहेत. लग्नकार्यात अगर स्तवनिधीच्या यात्रेत भेट झाली म्हणजे जागांच्या गोष्टी निघतातच. तिकडचे पाहुणे सांगतात, ''आमचा गुंठ्याचा प्लॉट रक्कम भरून नियमित झाला, तुमचाही होईल.'' तो त्यांचा झाला असेल, कारण महाराष्ट्रात २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. तो कायदा सीमेपलीकडे राहतो. आपल्या राज्यात 'अक्रम-सक्रम' या नावाने तशी योजना काढण्यात आली होती. पण जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. पुढे २०२५ पासून मंजुरीविना पडलेल्या जागांना 'बी-खाते' देण्यास आरंभ झाला. या खात्यामुळे जागा कराच्या दप्तरात येते. जागेचा नकाशा मंजूर झाला असा त्याचा अर्थ नव्हे. तेहतीस फूट लांब व तेहतीस फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा, साध्या कागदावर घेऊन ठेवणारे आपल्यात थोडे नाहीत. शेतजमिनीस तर आधी बिनशेतीची परवानगी लागते, ती जमीन महसूल कायद्याच्या ९५ व्या कलमाखाली. ती नसता केलेले तुकडे कितीही वेळा हस्तांतरित झाले तरी रीतसर घरजागा ठरत नाहीत.

आता मोजमापाकडे वळू. धान्याच्या व्यापाऱ्यास बारदान कशास म्हणतात हे सांगावयास नको. पोत्याचे वजन निराळे आणि आतील धान्याचे निराळे. जागेचेही तसेच आहे. समजा, टिळकवाडीकडे रस्त्यावर चाळीस फूट व खोलीस साठ फूट अशी २४०० चौरस फुटांची जागा आहे आणि दोघे भाऊ वाटेकरी आहेत. उभी रेघ मारली तर प्रत्येकास वीस फूट रुंद व साठ फूट लांब पट्टी येते. दोघांचीही तोंडे रस्त्यावर राहतात, म्हणून ही वाटणी बरी दिसते. पण विभागणी होताच प्रत्येक तुकडा ही स्वतंत्र जागा ठरते आणि चोहोबाजूंस मोकळी जागा सोडण्याचे बंधन प्रत्येकास वेगळे लागू होते. दोन्ही बाजूंस तीन-तीन फूट सोडावयाचे धरले तर अविभक्त जागेत चौतीस फूट रुंदीचे घर उभे राहिले असते. विभागल्यावर चौदा-चौदा मिळून अठ्ठावीसच फूट उरतात. सहा फूट बारदानात गेले.

आडवी रेघ मारली तर मागच्या भावास रस्ता हवा. दहा फुटांची बोळ काढून दोघांस कागदोपत्री बाराशे-बाराशे चौरस फूट द्यावयाचे झाल्यास पुढच्याची जागा तीस फूट बाय चाळीस फूट होईल. मागच्याची चाळीस बाय वीस, म्हणजे आठशे, आणि बोळाचे चारशे. दोघांचा आकडा एकच, पण मागच्यास घर बांधण्याजोगे आठशेच. त्यातूनही मोकळी जागा सोडावयाची ती निराळी. पंचांनी ''बरोबर वाटले'' म्हणून हात झटकावे आणि मागच्याच्या घरात वीस वर्षे कुरकुर राहावी, याचे मूळ पुष्कळदा येथे असते. आमच्या मते अशा वेळी चौरस फुटांवर वाटणी करूच नये. बांधता येण्याजोग्या जागेच्या किमतीवर करावी व कमी पडेल त्यास रोख रकमेने भरपाई द्यावी.

रविवार पेठेतील अगर शहापुरातील जुन्या गल्ल्यांत तर हा हिशेबच खुंटतो. तेथील घरे रुंदीस अठरा-वीस फूट आणि खोलीस शंभर फुटांच्या वर. पुढे दुकान, मागे कोठार, मग चौक, राहते खण, शेवटी परसू व आड. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. वीस फुटांच्या घरात तिघे भाऊ उभी वाटणी मागू लागले तर प्रत्येकास सहा फूट आठ इंच येतात. एवढ्या पट्टीस कोण मंजुरी देणार? तुकडा लहानात लहान केवढा असावा, त्याचे तोंड किती रुंद असावे व त्यापुढील रस्ता किती फुटांचा असावा, हे त्या त्या शहराच्या विकास आराखड्याच्या नियमांत ठरलेले असते आणि आराखडा बदलला की तेही बदलते. म्हणून पंच बसण्यापूर्वीच चालू नियमांची प्रत आणून तिच्या मापाने रेघ मारून पाहावी. मागून पाहण्यात अर्थ नाही.

मागच्या भागाच्या वाटेविषयी एक समजूत प्रचलित आहे. वहिवाटीची वाट कोणी बंद करू शकत नाही, असे लोक म्हणतात. ते बऱ्याच अंशी खरे आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वाटणीमुळे कोंडलेल्या भागास आवश्यक त्या वाटेचा हक्क मानलेला आहे. पण तो हक्क शेजारच्या भावाविरुद्ध चालतो. नियोजन कार्यालयास त्या वाटेने मंजूर रस्त्याचे समाधान होत नाही. सबब वाट, गटार, नळाची जोडणी, आडाचे पाणी, सामाईक भिंतीवरील तुळया यांचा उल्लेख वाटणीपत्रात फुटाइंचांनिशी असावा आणि वाट नकाशावरही दाखवावी.

मालकीच्या बाजूसही आपल्या समाजात एक गैरसमज फार खोल आहे. जैनांस २०१४ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून काहीजण म्हणतात की आपला वारसा कायदा वेगळा आहे. तसे नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या दुसऱ्या कलमात जैनांचा नावानिशी समावेश आहे व तो कायम आहे. म्हणून वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा हिस्सा १९५६ पासूनचा आहे. वडिलोपार्जित मिळकतीत कर्नाटकाने १९९४ मध्ये तोवर अविवाहित असलेल्या मुलींस हक्क दिला आणि २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद न ठेवता सर्व मुलींस मुलांच्या बरोबरीने बसविले. राहत्या घराची वाटणी मुलीने मागू नये असे जे जुने कलम होते तेही त्याच दुरुस्तीने गेले.

११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट आणखी स्पष्ट केली. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या वाटण्यांस संरक्षण आहे, पण ते नोंदणीकृत वाटणीपत्रास अगर न्यायालयाच्या हुकूमनाम्यास. तोंडी वाटणी झाली होती असे नुसते म्हटल्याने सहसा भागत नाही. तिला सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार लागतो. १९७०-८० च्या सुमारास मुद्रांकावर सह्या करून, नोंदणी न करता, भगिनींस न बोलावता ज्या वाटण्या झाल्या, त्या आज या कसोटीस लागतात. बहिणीने प्रेमाने आपला भाग सोडला असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्यावे. तिला साडी-चोळी केली, हा पुरावा नव्हे. आणि हिस्सा देणे झाल्यास तोही आनंदाने द्यावा, असे आम्हांस वाटते.

कामाचा क्रम काय ठेवावा असे विचारणारे पुष्कळ भेटतात. आमचे सांगणे असे की भिंत सर्वांत शेवटी. वारसांची नावे उताऱ्यांवर आणून घ्यावीत व सर्वांनी मिळून, मिळकत अविभक्त असतानाच, परवानाधारक अभियंत्याकडून नकाशा करवून पोटविभागणीचा अर्ज करावा. मंजुरी आल्यावर तोच नकाशा जोडून वाटणीपत्र नोंदवावे, म्हणजे दस्तातील चतुःसीमा आणि मंजूर चतुःसीमा यांत फरक पडत नाही. त्यानंतर सिटी सर्व्हेकडे मोजणी करवून मूळ नंबरास पोटनंबर घ्यावा आणि त्यावरून महापालिकेकडे अगर नगरसभेकडे खाती वेगळी करावीत. २०२४ पासून नागरी भागात दस्त नोंदविताना ई-खाते लागत असल्याने जुन्या नावाचे, जुन्या मापाचे खाते घेऊन गेलेला मनुष्य उपनिबंधकाच्या दारातूनच परत येतो. वीजमीटर व नळ वेगळे झाले म्हणजे जागा वेगळी झाली असे पुष्कळांस वाटते. 'हेस्कॉम'ची पावती मालकी ठरवीत नाही, आणि करपावतीही नाही.

जुनी कागदपत्रे हा आपल्या भागाचा खास पेच आहे. आजोबा-पणजोबांची फारखते व खरेदीखते मोडीत, त्यानंतरची मराठीत, आणि हल्लीचे दप्तर कन्नडमध्ये. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात असल्याने तेथील जुने कागद त्या संस्थानच्या शिक्क्याचे सापडतात. जाणकाराकडून मोडीचे लिप्यंतर व कन्नड भाषांतर वेळीच करून ठेवावे. मोडी वाचणारे वृद्ध वर्षागणिक कमी होत आहेत. भाषांतरात हात, गज व खण यांची मापे फुटांत उतरविताना विशेष जपावे, कारण अर्ध्या हाताच्या फरकानेही मोजणी अडते.

ज्या घरास पोटविभागणीची मंजुरी मिळणेच शक्य नाही, त्याच्या मालकांनी हताश होण्याचे कारण नाही. जमीन अविभक्त ठेवून मजले वाटून घेता येतात. १९७२ च्या कर्नाटक सदनिका मालकी कायद्याप्रमाणे घोषणापत्र नोंदवून प्रत्येक राहता मजला स्वतंत्र मालकीचा करता येतो. मात्र त्यासाठी इमारतीचा परवाना शुद्ध असला पाहिजे. किंवा एका भावाने घर ठेवावे आणि इतरांस पैसा द्यावा. हेही न जमले आणि प्रकरण न्यायालयात गेले, तर १८९३ च्या वाटणी कायद्यान्वये, विभागता न येणारी मिळकत विकून रक्कम वाटण्याचा हुकूम होऊ शकतो. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात राहत्या घरासाठी एक सोय आहे. एखाद्या वाटेकऱ्याने आपला अविभक्त हिस्सा परक्यास विकला आणि तो परका वाटणीचा दावा घेऊन आला, तर घरातील कोणाही वाटेकऱ्यास न्यायालयाने ठरविलेल्या किमतीस तो हिस्सा परत विकत घेता येतो.