एकरभर ऊस आणि घरचा हंडा



बेणे, खते, लागणीच्या तारखा यांवर या पानातून आपण नेहमी बोलतो. आज पाण्यावर बोलू, पण आधी घरच्या.

पाणी आणायचे काम बाईचे, हा आपल्याकडचा रिवाज. दारात नळ आहे तोवर त्याचे काही वाटत नाही. उन्हाळ्यात आड आटला की कळते. १५ लिटरचा हंडा म्हणजे १५ किलो ओझे, भांड्याचे वजन वेगळे. माणशी ५५ लिटर या सरकारी मापाने पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर, म्हणजे अठरा-एकोणीस हंडे लागतात. विहीर किलोमीटरभर लांब असली तर डोक्यावर एक नि कमरेवर एक आणूनसुद्धा नऊ-दहा खेपा, १८ ते २० किलोमीटर चाल! एवढे कुणाच्याने होत नाही. मग बाई चार-पाच खेपा करते आणि कमी पाण्यात भागवते. पाझराची वाट बघत झोप जाते, मान-कंबर धरते, गरोदरपणातही खेप चुकत नाही. थोरली पोर हाताशी पाहिजे म्हणून तिची शाळा बुडते.

आता उसाचे माप. पाटाने भिजवलेल्या एकरभर उसाला तोडणीपर्यंत सुमारे एक कोटी लिटर पाणी लागते. वरच्या घराला वर्षाला लागते एक लाख. म्हणजे एका एकरात शंभर घरांचे पाणी. ऊस लावू नका असे मी म्हणणार नाही, आपला संसार त्यावरच आहे. पण एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. लातूर जिल्हाही उसाचाच आहे.

म्हणून विनंती अशी :

१) ठिबक करा. ते जमत नसेल तर पाचट जाळू नका, आच्छादन करा आणि उन्हाळ्यात सरीआड सरी पाणी द्या.

२) गावच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेऊ नका. १९९३ च्या कायद्यानेच तसे बंधन घातले.

३) विहिरीला पाणी कमी असेल तेव्हा आधी वस्तीला भरू द्या, मग उसाची मोटर चालू करा.

४) बीडकडून येणाऱ्या टोळ्यांतल्या बाया दिवसभर मोळ्या वाहून पुन्हा पाण्याला निघतात. फड तुमचा असेल तर त्यांच्या कोपीपर्यंत पाण्याची सोय तुम्हीच बघा.

पाळी दोन दिवस लांबली तर ऊस तग धरतो. घरच्या पाण्याला तेवढी सवड नसते, एवढे ध्यानात ठेवावे.

– ऊस विकास अधिकारी