श्वासाच्या वाटेवरचं लासं

दीड-दोन महिन्यांचं बाळ. जन्मलं तेव्हा श्वास अगदी स्वच्छ होता. आता श्वास घेताना आणि सोडतानाही बारीक शिट्टी वाजते, रडलं की गळ्याखालची खळगी आत ओढली जाते. घरात म्हणतात, कफ दाटलाय. दवाखान्यात म्हणतात, क्रूप, म्हणजे स्वरयंत्राखालची विषाणूची सूज. स्टेरॉइड, अ‍ॅड्रेनालिनची वाफ, आणि बाळाला उतार पडतो. काही दिवसांनी पुन्हा तेच. मग पुन्हा.

या ‘पुन्हा’तच रोगाची ओळख असते. क्रूप हा बहुधा सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांचा आजार. इतक्या लहान बाळाला तो वरचेवर होऊ लागला, तर दुर्बीण घालून स्वरयंत्राच्या खाली पाहायलाच हवं. फसगत करतात ती औषधंच. त्यांनी विषाणूची सूज उतरते, तसाच तिथे वाढणारा रक्तवाहिन्यांचा गुंताही काही काळ आकसतो. या गुंत्याचं नाव हिमॅन्जिओमा.

कातडीवर तो आपल्या ओळखीचा आहे. शंभरातल्या चार-पाच बाळांच्या अंगावर असं लालभडक, उंचवट्याचं लासं उमटतं. मुलींना आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अधिक. आपल्याकडे ग्रहणाचं नाव काढून आईला बोल लावतात, तिचा काडीइतकाही दोष नसताना. पहिल्या काही आठवड्यांत ते झपाट्याने वाढतं आणि पुढे काही वर्षांत आपसूक विरतं. हातावर किंवा पाठीवर असेल तर बहुतेकदा वाट पाहता येते.

स्वरयंत्राखाली वाट पाहायला जागाच नसते. तिथे क्रिकॉइड कूर्चेचं अखंड कडं असतं, ते बाहेरच्या बाजूला ताणत नाही. तान्ह्या बाळात त्यातली वाट जेमतेम चार मिलिमीटरची. चहूबाजूंनी एकच मिलिमीटर सूज आली तर दोन मिलिमीटर उरतात, आणि हवेला मिळणारी जागा पावपट होते.

अंगावरचं लासं कधी कधी आतलं सांगतं. अमेरिकेतल्या १९९७ च्या एका अभ्यासात हनुवटी, खालचा ओठ, जबडा आणि गळ्याची पुढची बाजू, म्हणजे पुरुषाला दाढी येते त्या भागात, दूरवर पसरलेलं लासं असलेली १६ मुलं होती. त्यांपैकी १० जणांना श्वासमार्गातल्या हिमॅन्जिओमाचा त्रास होता. मात्र अंग स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. श्वासमार्गात गाठ असलेल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या कातडीवर काहीच नसतं.

पूर्वीचे उपाय आठवले तरी जीव कासावीस होतो. गळ्याला भोक पाडून नळी बसवायची आणि गाठ विरेपर्यंत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं, ती सांभाळायची. लेसरने जाळावं तर व्रण राहून वाट आणखी अरुंद होण्याची धास्ती. महिनोन्‌महिने स्टेरॉइड दिले की चेहरा सुजायचा, वाढ खुंटायची.

मग फ्रान्समधल्या बोर्दो शहरात एका बाळावर उपचार सुरू होते. नाकावर हिमॅन्जिओमा, त्यासाठी स्टेरॉइड चालू, आणि हृदयाचा स्नायू जाड झालेला. हृदयासाठी प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून १९६० च्या दशकात आलेलं हे औषध. दुसऱ्याच दिवशी नाकावरची गाठ लालभडकाची जांभळी झाली आणि मऊ पडली. क्रिस्तिन लेओते-लाब्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो रंगबदल नोंदवला, आणखी मुलांना औषध देऊन पाहिलं आणि जून २००८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला एक छोटं पत्र लिहिलं. हृदयाचं औषध दिलेलं असताना नाकाकडे इतक्या बारकाईने पाहणारे डोळे मला फार मोलाचे वाटतात. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या डॉक्टरांनी श्वासमार्गातल्या हिमॅन्जिओमाच्या दोन बाळांचा अनुभव छापला.

२०१५ मध्ये प्रोप्रॅनोलॉलची ४६० बाळांवरची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिने पूर्ण मात्रा मिळालेल्यांपैकी ६० टक्के मुलांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली. नुसतं पोकळ औषध (प्लासिबो) मिळालेल्यांत ४ टक्के. जीवावर बेतलेली बाळं मात्र या चाचणीत घेतलीच नव्हती. कोंडलेल्या श्वासाच्या मुलाला पोकळ औषध कोण देईल? त्यामुळे श्वासमार्गाबद्दलची खात्री डॉक्टरांनी एकेका बाळाच्या उशाशी बसून मिळवलेली आहे.

रोजची मात्रा वजनाच्या दर किलोला दोन ते तीन मिलिग्रॅम, विभागून. सुरुवात हृदय तपासून, आणि अशा बाळात रुग्णालयातच. चेहऱ्यावर मोठं लासं असेल तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआयही करतात, कारण त्या अरुंद असल्या तर हे औषध जपून द्यावं लागतं. घरी सगळी मदार आईवर. औषध दुधाबरोबर किंवा दूध पाजल्यावर लगेच द्यायचं. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील तर द्यायचं नाही आणि डॉक्टरांना कळवायचं, कारण उपाशी पोटी रक्तातली साखर धोक्याइतकी उतरते. वजन वाढेल तशी मात्रा नव्याने ठरवावी लागते. साधारण वर्षभर तरी उपचार चालतात, कधी त्याहून अधिक. औषध लवकर सोडलं तर काही मुलांत गाठ परत वाढते. बंद केल्यावर एखाद्या रात्री झोपेत ती शिट्टी पुन्हा ऐकू आली, तर सकाळ होईपर्यंत थांबू नये.