वजनकाटा आणि बोनस रेषा

कबड्डीची गुणपद्धत नीट पाहिली, तर ती मागे पडलेल्याला सांभाळून घेणारी आहे. समोर किमान सहा बचावपटू असतील तरच चढाईपटूला बोनस रेषेचा गुण मिळतो. उलट तिघे किंवा त्याहून कमी उरलेले असताना त्यांनी पकड केली, तर नेहमीच्या गुणावर एक जादा, म्हणजे सुपर टॅकल. लोण चढला की समोरच्याला दोन गुण जादा मिळतात खरे, पण बाद झालेले सातही जण परत मैदानात येतात. सामना एकतर्फी होऊ नये, हा यामागचा हिशेब. पात्रतेचे नियमही त्याच हिशेबातले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या गावोगावच्या स्पर्धांत मात्र ते आयोजकांच्या मर्जीवर सोडले जातात. गुणावरचा वाद पंच मिटवतात. ‘हा गडी चालतो कसा?’ म्हणून पेटलेला वाद अख्खी स्पर्धा बंद पाडू शकतो.

वरिष्ठ राष्ट्रीय कबड्डीत पुरुषांना ८५ आणि महिलांना ७५ किलोची मर्यादा असते. गावच्या फलकावर ५५ नाहीतर ६० किलो छापलेले असते. पकडीत दहा किलोंचा फरक कौशल्याला गिळतो, म्हणून हे योग्यच. पण पोरे वजनासाठी उपाशी राहतात, हा आक्षेपही खरा आहे. आदल्या दिवशी वजन घेतले की ही लबाडी फळते, कारण रात्रीतून खाऊनपिऊन वजन भरून निघते. काटा मैदानाशेजारी, सामन्याच्या तोंडावर लावला तर उपाशी गडी स्वतःच दमतो. वयाचे प्रकरण याहून अवघड. आधार कार्डावर भागत नाही. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वय ठरवताना त्यापेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला.

राहिला बाहेरच्या खेळाडूंचा प्रश्न. राष्ट्रीय स्पर्धेत विदर्भाचा संघ महाराष्ट्रापासून वेगळा उतरतो. देऊळगाव राजा विदर्भात, तासाभरावरचे जालना महाराष्ट्राच्या संघात. सरहद्द अशी आखीव असल्याने तिथे निदान कोण कुठला, हे आधी कळते. गावात म्हणतात, नावाजलेले गडी आणले नाहीत तर गर्दी जमत नाही. मग आणा की! पण ‘बाहेरचे दोन चालतील’ हे फलकावर छापा, आणि बारा जणांची यादी नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना दाखवा. खोटा दाखला मागाहून उघड झाला तर बक्षीस परत घ्यावे. एरवी हरकत पहिल्या चढाईआधीच नोंदवावी. हरल्यावर आठवलेली जन्मतारीख पंचांनी ऐकून घेऊ नये.