जुन्या धाब्याच्या घराला चित्रशाळा जोडताना : उजेड आणि वजन

चित्रकाराला उत्तरेचा उजेड लागतो, कारण तो दिवसभर बराचसा एकसारखा राहतो. युरोपातला हा नियम आपल्याकडे कलाशाळांबरोबर आला. मुंबईच्या जे. जे. स्कूलची १८७८ ची इमारत त्याच विचाराने बांधलेली आहे. पण बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या चांदनीत जुन्या घराला चित्रशाळा जोडायची, तर हा नियम जसाच्या तसा चालत नाही.

चांदनी साधारण साडेएकवीस अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य भर दुपारीसुद्धा माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. २१ जूनला तर तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो आणि मावळतोही तसाच. दुपारचं ऊन छज्जा अडवतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन अडवायला खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभे आडोसे हवेत.

आता मोठी खिडकी फोडायची कुठे? खानदेश-निमाड पट्ट्यातल्या धाब्याच्या घरात लाकडी खांब, तुळया, कडीपाट आणि वर मातीचा थर असतो. नऊ इंच मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे ४०० किलो भरतं. पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबपेक्षाही जास्त. दर पावसाळ्याआधी नवी माती पडत गेली असेल तर आणखी. हे ओझं खांबांवर असेल, तर भिंत नुसता पडदा. तिच्यात दोन खांबांमधल्या खणाएवढी खिडकी बसू शकते. तुळईचं टोक भिंतीतच रुतलेलं असेल, तर ती भिंत छत पेलते आहे. तिथे हात लावायचा नाही. म्हणून आधी तुळईच्या टोकाशी थोडा गिलावा काढून बघावं, मगच नकाशा काढावा.

जोडलेली खोली स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. तापीकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नवा पाया सुरुवातीला थोडा खचतोच. जुना केव्हाच बसलेला असतो. दोन्ही बांधकामं घट्ट जोडली की तडा जुन्या भिंतीत जातो. मध्ये इंचभर फट ठेवून ती वरून पत्र्याने झाकावी. जुन्या पायाला लागून त्याच्यापेक्षा खोल खणू नये. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. ओल आत कोंडते, लाकडाची टोकं कुजतात. चुन्याचा गिलावा भिंतीला श्वास घेऊ देतो.

त्या फटीचा दुसराही उपयोग आहे. उद्या चित्रशाळा नकोशी झाली, तर ती उतरवता येते आणि मूळ घर जागेवर राहतं. स्टुडिओ हवा म्हणून अख्खं घर पाडायला निघालेल्यांनी एवढा हिशेब जरूर करून बघावा.