डबीवरचा आकडा आणि चुन्याचे बोट

गेल्या दिवाळीत गोटेनबर्गहून सुटीवर आलेल्या आमच्या भाच्याने खिशातून एक चपटी गोल डबी काढून टेबलावर ठेवली, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांना ती पेपरमिंटची वाटली. आत करंगळीच्या पेराएवढ्या वीस पांढऱ्या शुभ्र पुड्या होत्या. यांत तंबाखूचे पान नाही, केवळ निकोटिन आहे. पुडी वरच्या ओठाखाली ठेवावयाची, धूर नाही, थुंकणे नाही, असे त्याने समजावून सांगितले. बैठकीस आमचे एक जुने सहकारी बसले होते. प्राथमिक शाळेत त्यांनी छत्तीस वर्षे शिकविले आणि जवळपास तितकीच वर्षे तळहातावर तंबाखू मळली. गावात सर्वजण त्यांना गुरुजीच म्हणतात. डबी चष्म्याजवळ नेऊन ते म्हणाले, "अरे, हिच्यावर सहाचा आकडा आहे. दुसरी तीनची असते म्हणतोस. मग मला कोणती झेपेल?"

भाचा म्हणाला, "गुरुजी, तुम्ही जुने खाणारे. तुम्हांला सहाचीच लागेल." उत्तर सरळ होते, ते बरोबर होते की नाही, याचा शोध घेताना प्रस्तुत लेखकास जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

या पुड्यांचे मूळ स्वीडनमध्ये आहे. तेथे 'स्नूस' नावाची ओलसर तंबाखू ओठाखाली ठेवण्याची चाल फार जुनी. युरोपीय समुदायाने १९९२ मध्ये स्नूसच्या विक्रीस बंदी केली. १९९५ साली स्वीडन संघात आला तो या बंदीतून सूट मिळवूनच. याच देशात १९६७ मध्ये लुंड येथील शरीरशास्त्रज्ञ क्लास लुंडग्रेन यांनी हेल्सिंगबोर्गच्या लिओ या औषध कंपनीतील ओव्हे फेर्नो यांना एक पत्र लिहिले. पाणबुडीत धूम्रपान करता येत नाही, म्हणून नाविक तोंडात तंबाखू धरून तलफ भागवितात, असे त्यांच्या पाहण्यात आले होते. तर मग धूर आणि तंबाखू दोन्ही वगळून नुसते निकोटिनच देता येणार नाही काय? फेर्नो यांनी त्यातून निकोटिनचा च्युइंग गम सिद्ध केला. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडने आणि १९८४ मध्ये अमेरिकेने त्यास औषध म्हणून मान्यता दिली. पांढरी पुडी ही त्या कल्पनेची धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाही. भेद इतकाच, की गम व्यसन सोडविण्यासाठी औषधाच्या दुकानात आला आणि पुडी पुदिना, लिंबू, कॉफी अशा स्वादांनी नटून बाजारात आली.

आता आकड्याकडे वळू. डबीवरील ६ या आकड्याचा अर्थ एका पुडीत ६ मिलिग्रॅम निकोटिन भरले आहे, एवढाच. ते सारे रक्तात उतरते असे नाही. अर्ध्या तासाने पुडी टाकून द्यावी तर तिच्यात बरेच निकोटिन शिल्लक असते. जे बाहेर येते त्यातील काही लाळेबरोबर पोटात जाते आणि त्याचा मोठा भाग रक्ताभिसरणात मिसळण्यापूर्वीच यकृतात मोडला जातो. सिगारेटचा हिशेब असाच फसवा आहे. एका सिगारेटीच्या तंबाखूत सुमारे १० ते १४ मिलिग्रॅम निकोटिन असते, पण ओढणाऱ्याच्या वाट्याला त्यातील एक ते दीड मिलिग्रॅमच येते. म्हणून 'सहाची एक पुडी म्हणजे सहा सिगारेटी' हे गणितही चूक, आणि 'सिगारेटीत बारा, पुडीत सहा, म्हणजे पुडी निम्मी सौम्य' हेही चूक.

दुसरी गफलत एककाची. काही डब्यांवर आकडा दर पुडीचा असतो, तर काहींवर दर ग्रॅमचा. २० मिलिग्रॅम प्रतिग्रॅम असे छापलेले असेल आणि पुडी अर्ध्या ग्रॅमची असेल, तर तीत १० मिलिग्रॅम निकोटिन झाले, पुडी ०.८ ग्रॅमची असेल तर १६. ज्यांचा जन्म जमाखर्चाच्या वह्यांत गेला त्यांना हे सांगावयास नको, परंतु पानपट्टीच्या उजेडात डबी उलटीसुलटी करणाऱ्या मुलाला कोण सांगणार? आणि 'सौम्य', 'कडक', 'अतिकडक' ही विशेषणे किंवा झाकणावरचे ठिपके? ते ज्या त्या उत्पादकाने आपल्या सोयीने ठरविलेले असतात. एकाचे तीन ठिपके दुसऱ्याच्या चारांना भारी ठरू शकतात. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेतील शास्त्रज्ञांनी ४४ प्रकारच्या पुड्या तपासल्या. त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. एका पुडीतील निकोटिन १.७९ मिलिग्रॅमपासून ४७.५ मिलिग्रॅमपर्यंत निघाले. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंत सव्वीस पटींचे अंतर!

इतके झाले तरी खरी गोम निराळीच आहे, आणि ती गुरुजींच्या तळहातावरच होती. तंबाखूची चिमूट घेऊन तिला चुन्याचे बोट का लावतात? चुन्यावाचून तंबाखू 'लागत' नाही, हे आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही ठाऊक असते. निकोटिन हे अल्कधर्मी द्रव्य आहे. भोवतालचा रस आम्लधर्मी असला की त्याच्या रेणूंवर विद्युत्भार चढतो आणि असे भारित रेणू तोंडाच्या अस्तरातून सहजी पलीकडे जात नाहीत. रस अल्कधर्मी झाला की तेच रेणू मोकळे होतात आणि अस्तर ओलांडून रक्तात शिरतात. आठवीनववीच्या विज्ञानात शिकविला जातो तो सामू येथे कामास येतो. सामू ७ असताना निकोटिनचा जेमतेम दहावा भाग मोकळा असतो, ८ असताना सुमारे निम्मा, आणि ९ झाला की दहांतील नऊ भाग. चुना हे काम तळहातावर करतो. पुडीत तेच काम सोडियम कार्बोनेटसारखे क्षार करतात. फेर्नो यांनाही आपल्या गममध्ये असे क्षार घालावे लागले होते.

यावरून काय निष्पन्न होते ते पाहावे. ६ मिलिग्रॅमची पुडी सामू ७ ची असेल, तर प्रारंभी तिच्यातील सुमारे ०.६ मिलिग्रॅमच निकोटिन शोषणास सज्ज असते. ३ मिलिग्रॅमची पुडी सामू ९ ची असेल, तर २.७ मिलिग्रॅम. लाळ मिसळून पुढे चित्र पालटत जाते हे खरे. तथापि पहिल्या काही मिनिटांत डोक्यात जी झिणझिणी उठते, जिला आपली मुले 'किक' म्हणतात, ती या मोकळ्या निकोटिनावर अवलंबून असते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील रसायनशास्त्रज्ञांनी ३७ प्रकारच्या पुड्यांचे विश्लेषण २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत सामू ६.८६ ते १०.१ इतका वेगवेगळा होता, आणि मोकळ्या निकोटिनाचे प्रमाण ७.७ टक्क्यांपासून ९९.२ टक्क्यांपर्यंत होते. ग्राहकाला डबीवर मिलिग्रॅम दिसतात; सामू सहसा छापलेला नसतो. म्हणजे तंबाखू किती ते सांगितले आणि चुना किती लावला ते गाळले, असा हा प्रकार आहे. हा आकडा छापण्याची सक्ती सर्वत्र व्हावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. विद्युत उपकरणावर व्होल्ट छापतात, खताच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाश छापतात. येथेच संकोच कशाला?

भाच्यानेच सांगितलेली एक हकिकत येथे नमूद करणे आवश्यक आहे. त्याच्या वसतिगृहात आपल्याच भागातून गेलेला एक विद्यार्थी होता. सुपारीसुद्धा न खाणारा. मित्रांच्या आग्रहाला बळी पडून त्याने एका रात्री अभ्यास करताना 'अतिकडक' पुडी ओठाखाली ठेवली. दहा मिनिटांत घाम फुटला, हातपाय गार पडले, भोवतालची खोली फिरू लागली, मागोमाग उलट्या सुरू झाल्या. आपल्याकडे याला 'तंबाखू लागली' म्हणतात. पहिला बार भरणाऱ्या पोराची खळ्यावर जी अवस्था होते तीच ही, फक्त पांढऱ्या कपड्यांत. मुलगा सकाळपर्यंत सावरला. पण दोन महिन्यांनी त्याच्याही खिशात डबी होती, तीनची. सौम्य आकड्याने आरंभ केल्यास बाधा होत नाही, अशी त्याची समजूत झाली होती. बाधा न होणे, हाच तर या सवयीचा प्रवेशमार्ग आहे! ज्याने कधी तंबाखू वा सिगारेट घेतली नाही त्याच्यासाठी योग्य आकडा शून्य, आणि येथे दुसरे मत संभवत नाही. गर्भवती स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी तर स्वतःच्या अंदाजाने कोणताही आकडा निवडू नये.

ज्याला सवय जडली आहे त्याची गोष्ट वेगळी. त्याची मात्रा डबीवरून नव्हे, तर त्याच्या दिनक्रमावरून ठरवावी लागते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल फागरस्ट्रोम यांनी १९७८ मध्ये धूम्रपानाच्या परावलंबनाची जी प्रश्नावली तयार केली, तीत सकाळी उठल्यापासून पहिली सिगारेट किती वेळाने पेटते, हा प्रश्न आहे. रात्रभरात रक्तातील निकोटिन उतरते, कारण दर दोनेक तासांनी ते निम्मे होत जाते; तेव्हा उठल्याबरोबर हात खिशाकडे जातो की चहानंतर, यावरून शरीराची गरज कळते. अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट ओढणाऱ्यास ४ मिलिग्रॅमचा गम आणि त्यानंतर ओढणाऱ्यास २ मिलिग्रॅमचा, अशी सूचना गमच्या वेष्टनावर असते ती यामुळेच. कॉफी किंवा फळांचा रस घेतल्यावर पंधरा मिनिटे गम चघळू नये, असेही तेथे लिहिलेले असते. कारण पुन्हा तेच: आम्लाने निकोटिन अडते.

स्वीडनमध्ये रोज सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण पाचसहा टक्क्यांपर्यंत खाली आले, याचे दाखले पुडीचे पुरस्कर्ते हटकून देतात. धूर सोडून पुडीकडे वळणाऱ्याच्या फुफ्फुसांचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये एका कंपनीच्या ३ आणि ६ मिलिग्रॅमच्या वीस प्रकारांना विक्रीची अनुमती दिली, तीही या युक्तिवादावर. मात्र अनुमती म्हणजे निर्धोकपणाचा दाखला नव्हे, असे त्याच वेळी बजावले. उलट बेल्जियमने २०२३ मध्ये या पुड्यांवर सरसकट बंदी घातली. पण आपला प्रश्न धुराचा नाहीच मुळी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे आढळले, तर तंबाखू खाणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि ती कशी पाळली जाते हे प्रत्येक एस.टी. स्थानकाच्या भिंती सांगतात. तंबाखूच्या पानातील कर्करोगकारक नायट्रोसअमाइने पांढऱ्या पुडीत नाहीत किंवा नगण्य आहेत, हे मान्य. तरी ही वस्तू बाजारात येऊन दशकभराहून थोडाच अधिक काळ झाला आहे, आणि तोंडाचा कर्करोग त्याहून सावकाश येणारा पाहुणा आहे.

गुरुजींना हे सारे सांगितले तेव्हा त्यांनी मुद्द्याचे विचारले, "मग औषधाच्या दुकानातला गम घेऊ का?" २ मिलिग्रॅमचा गम आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत आला आहे, ४ मिलिग्रॅमच्या गमला चिठ्ठी लागते. परंतु येथेही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. सिगारेट सोडण्यास गमचे साहाय्य होते हे सिद्ध आहे. तंबाखू खाणाऱ्यांच्या बाबतीत मात्र २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात गमचा लाभ दिसून आला नाही. निकोटिनची चोखावयाची गोळी, व्हरेनिक्लिन हे औषध आणि समुपदेशन यांची बाजू तेथे अधिक बळकट दिसली. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आम्ही त्यांना लिहून दिला.

आमच्या घरात चार वर्षांची नात आहे. पेपरमिंटचा वास येणारी डबी टेबलावर उघडी पडलेली पाहून आमच्या सूनबाईंनी ती आधी उंच फळीवर ठेवली, आणि ते योग्यच केले. अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे आलेल्या, सहा वर्षांखालील मुलांनी अशा पुड्या गिळल्याच्या घटनांचे प्रमाण २०२० ते २०२३ या काळात आठ पटींहून अधिक झाले. वापरलेल्या पुडीतही निकोटिन उरलेले असते, म्हणून तिला केराच्या उघड्या टोपलीत जागा नाही.

डबी भाचा परत घेऊन गेला. गुरुजींनी त्या क्रमांकावर दूरध्वनी केला असून तंबाखू थांबविण्याची तारीख ठरविली आहे. डाव्या गालाच्या आतील पांढरा चट्टा दाखविण्यासाठी ते सोमवारी जिल्हा रुग्णालयात जाणार आहेत. तो चट्टा त्यांनी आजवर कोणास सांगितला नव्हता.