घटस्फोट झाला, गाडीचं कर्ज कुणाचं?

नवऱ्याने टेम्पो घेतला, कर्जाच्या कागदावर बायकोनेही सही केली. पुढे घटस्फोट झाला, त्याने हप्ते थांबवले आणि बँकेची नोटीस तिच्या दारी आली. असं का होतं, ते आज आपण समजून घेऊ.

घटस्फोटाने नातं संपतं, बँकेशी केलेला करार संपत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ४३ प्रमाणे दोघांनी मिळून घेतलेलं कर्ज बँक कुणाही एकाकडून पूर्ण वसूल करू शकते. जामीनदार म्हणून सही असली, तरी कलम १२८ प्रमाणे जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने गाडी ओढून नेऊन विकली आणि पैसे कमी पडले, तर उरलेली रक्कमही मागितली जाते. मात्र सहीच नसेल, तर केवळ बायको होती म्हणून कर्ज अंगावर येत नाही.

मग करायचं काय? संमतीने घटस्फोट घेताना हप्ते कोण भरणार, ते तडजोडीत लिहून घ्या. पण तो कागद बँकेला बांधत नाही. म्हणून दोघांनी अर्ज करून आपलं नाव कर्जातून काढून घ्या, बँकेचं तसं पत्र घ्या. बँक तयार नसेल, तर तिच्या परवानगीने गाडी विकून कर्ज फेडा.

भरावं लागलंच, तर पावत्या जपा. सहकर्जदार बाई नवऱ्याचा वाटा कोर्टातून मागू शकते. जामीनदार असेल, तर भरलेली सगळी रक्कम.

आणि सही करण्याआधी एवढं विचाराच: मी सहकर्जदार की जामीनदार?