मोजून द्या, मोजून घ्या

धोब्याकडे कपडे देताना आपण मोजून देतो आणि परत आले की मोजून घेतो. संगणकापुढे बसलो की मात्र ही साधी सवय आपण विसरतो. मीही विसरलो होतो.

एका संस्थेच्या सभासदांची यादी मी एक्सेलच्या तक्त्यात ठेवतो. एका ओळीत एक सभासद; नाव, पत्ता, फोन असे रकाने. दरवर्षी त्यावरून पत्रे काढण्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचे काम सरळ आहे. पहिली ओळ शीर्षकांची, ती सोडायची. दुसरी ओळ घ्यायची, तिच्यातला एकेक रकाना वाचायचा, पत्र तयार करायचे. मग तिसरी ओळ. रिकामी ओळ आली की यादी संपली असे समजून थांबायचे.

एकदा कुणीतरी यादीच्या मध्येच एक ओळ मोकळी सोडली. प्रोग्रॅम तिथेच थांबला आणि 'काम पूर्ण' म्हणाला! पुढच्या सभासदांना वार्षिक सभेची पत्रे गेलीच नाहीत.

माझे रुसव्या-फुगव्यांवर भागले. इंग्लंडमध्ये मात्र प्रश्न लोकांच्या जिवाचा होता. २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' या तेव्हाच्या सरकारी संस्थेत प्रयोगशाळांकडून आलेले निकाल आपोआप एक्सेलच्या फायलींत भरले जात. त्या फायली जुन्या, 'एक्सएलएस' प्रकारच्या होत्या. त्यांच्या एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात आणि एकेका निकालाला अनेक ओळी लागत. पान भरले की पुढच्या नोंदी गळून जात. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून असे सुटले. स्वतःचा निकाल त्यांना कळला होता. पण त्यांच्या संपर्कात कोण आले, याचा शोध लांबला आणि ती माणसे दरम्यान बाहेर वावरत राहिली.

नव्या 'एक्सएलएसएक्स' फायलीत १०,४८,५७६ ओळी मावतात. पण माझी यादी तर काही शेकड्यांचीच होती, तरी फसलीच की!

आता माझा प्रोग्रॅम रिकामी ओळ ओलांडून तक्त्यातल्या शेवटच्या भरलेल्या ओळीपर्यंत जातो. शेवटी तीन आकडे दाखवतो: ओळी किती होत्या, वाचल्या किती, सोडल्या किती. वाचलेल्या आणि सोडलेल्या मिळून पहिला आकडा जुळला, तरच मी पाकिटांवर तिकिटे चिकटवायला घेतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)